‘कलर’मधला यू: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

इंग्रजी स्पेलिंगविषयी आलेल्या पत्रांतून या वेळी एकाच जातीचे प्रश्न घेतले आहेत: ब्रिटिश आणि अमेरिकी स्पेलिंगमधला फरक. बहुतेक पत्रांत ‘कलर’ हा शब्द आहेच, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. स्पेलिंग आपण घोकताना म्हणतो तसं एकेक अक्षर सुटं करून दिलं आहे. शेजारी कागद-पेन्सिल घेऊन शब्द लिहून पाहिलेत तर फरक लगेच डोळ्यांत भरेल.

प्रश्न : मुलगी सातवीत, इंग्रजी माध्यमात आहे. निबंधात तिनं ‘कलर’ हा शब्द सी-ओ-एल-ओ-आर असा लिहिला. बाईंनी लाल शाईनं त्यात यू घातला आणि अर्धा गुण कापला. मुलगी म्हणते, मोबाइलमध्ये कुठेच यू नसतो. बरोबर कोण?
– एक पालक, सांगली

उत्तर : यू असलेलं स्पेलिंग ब्रिटिश, यू नसलेलं अमेरिकी. चुकीचं यातलं एकही नाही. आपल्याकडे शाळा, न्यायालयं आणि सरकारी कारभार ब्रिटिश वळणानं चालतो, त्यामुळे बाईंनी यू घालायला सांगितला ते योग्यच. गुण कापावा का, हा प्रश्न वेगळा. मुलीनं निबंधभर अमेरिकी स्पेलिंगच एकसारखं वापरलं असेल तर आमच्या मते कापू नये. एका ओळीत यू आहे आणि पुढच्या ओळीत नाही, असं असेल तर मात्र ती चूक धरावी. आयईएलटीएससारख्या परीक्षेतही दोन्ही पद्धतींची स्पेलिंगं चालतात.

मोबाइलमध्ये यू दिसत नाही, कारण पुष्कळशा अ‍ॅपमधलं इंग्रजी अमेरिकी असतं. फोनच्या आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषा ‘इंग्लिश, इंडिया’ किंवा ‘इंग्लिश, युनायटेड किंगडम’ करा, म्हणजे टाइप करताना यू असलेला शब्द सुचवला जाईल.

आता हा यू आला कुठून ते पाहू, कारण ते कळलं की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात. लॅटिनमध्ये हा शब्द सी-ओ-एल-ओ-आर असाच होता. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे बराच काळ दरबारात आणि कायद्यात फ्रेंच चालली. कलर, ऑनर, लेबर, फेव्हर हे शब्द त्या फ्रेंचमधून यू घेऊनच इंग्रजीत उतरले. नंतर लॅटिन शिकलेल्या मंडळींना मूळ रूप दिसलं आणि त्यांच्यातले काही जण यू गाळून लिहू लागले. दोन्ही रूपं इंग्लंडातच शेजारीशेजारी नांदत होती. शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह 1623 चा. त्यात अशा शब्दांना यू आहेही आणि नाहीही. 1685 च्या चौथ्या आवृत्तीत सगळीकडे यू आला.

1755 मध्ये सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश निघाला. त्यांनी यूच्या बाजूनं कौल दिला, आणि इतक्या सढळ हातानं दिला की एरर, टेरर, हॉरर, मिरर, एम्परर, गव्हर्नर या शब्दांचाही शेवट त्यांच्या कोशात ओ-यू-आर असा आहे. आज लंडनमध्येसुद्धा या शब्दांत कुणी यू घालत नाही. म्हणजे ‘अमेरिकेनं यू उडवला’ हे अर्धंच खरं. उडवला दोघांनीही, ब्रिटिश वाटेत थांबले, अमेरिकी पुढे गेले.

पुढे नेणारे गृहस्थ नोआ वेबस्टर, कनेटिकटचे शाळामास्तर. 1783 मध्ये त्यांनी मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं. निळ्या पुठ्ठ्याचं ते पुस्तक अमेरिकेत घरोघरी गेलं. 1806 मध्ये त्यांचा छोटा कोश आला आणि 1828 मध्ये, सत्तरीला टेकल्यावर, सुमारे 70,000 शब्दांचा मोठा. देश नवा, तर त्याचं स्पेलिंगही स्वतःचं असावं आणि मुलांना शिकायला सोपं जावं, अशी त्यांची तळमळ होती. कलरमधला यू गेला, सेंटरचा शेवट ई-आर झाला, डिफेन्समध्ये सीच्या जागी एस आला. जॉन्सन ‘पब्लिक’ आणि ‘म्युझिक’च्या शेवटी सीनंतर के लिहीत. वेबस्टर यांनी तो काढला, आणि पुढे ब्रिटननंही टाकला. पण त्यांचं सगळंच काही लोकांनी उचललं नाही. जिभेसाठीचा ‘टंग’ टी-यू-एन-जी, बायकांसाठीचा ‘विमेन’ डब्ल्यू-आय-एम-एम-ई-एन, ही त्यांची रूपं कोशातच राहिली.

मुलीला एवढं सांगा: शेवटचा भाग नुसता ‘अर’ असा ओझरता ऐकू येतो, अशाच शब्दांतला यू अमेरिकेत जातो. कलर, ऑनर, ह्यूमर, रूमर, नेबर, हार्बर, फ्लेव्हर, बिहेव्हिअर ही अशी उदाहरणं. फोर, अवर, टूर, पोअर, सावर आणि पिठाचा फ्लावर यांत यू दोन्हीकडे राहतो. एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘ग्लॅमर’ला अमेरिकीसुद्धा बहुतेक वेळा यू ठेवतात. हा शब्द लॅटिनमधून आलेलाच नाही. ‘ग्रामर’ या शब्दाचं स्कॉटलंडमध्ये जे रूप झालं त्यातून तो निघाला.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या पत्रात मानधनासाठी ‘ऑनरेरियम’ शब्द यू घालून टाइप केला होता. एका निवृत्त प्राध्यापकांनी यू खोडला. ‘ऑनर’ला आपण यू घालतो, मग इथे का नाही?
– सचिव, वाचनालय, चिपळूण

उत्तर : प्राध्यापकांचं बरोबर आहे. ‘ऑनरेरियम’मध्ये यू ब्रिटिश इंग्रजीतही नसतो, कारण हा शब्द फ्रेंचला वळसा न घालता थेट लॅटिनमधून आला. ही चूक फार होते, आणि चांगलं इंग्रजी येणाऱ्यांकडूनच होते, कारण ‘आपण ब्रिटिश लिहितो, म्हणजे यू हवाच’ असं मनात पक्कं बसलेलं असतं.

मूळ शब्दात यू असला तरी त्याला कोणतं शेपूट जोडलं आहे ते पाहायचं. -अस, -अरी, -एशन, -इफिक ही लॅटिन घराण्यातली शेपटं लागली की यू गळतो. म्हणून ह्यूमरस, ग्लॅमरस, व्हिगरस, लॅबोरियस, ऑनररी, ऑनरिफिक, कलरेशन हे यूशिवाय. वेपरपासून होणाऱ्या वेपराइजमध्येही तो नसतो. उलट -फुल, -लेस, -हूड ही अस्सल इंग्रजी शेपटं लागली की यू राहतो: कलरफुल, कलरलेस, नेबरहूड. -एबल लॅटिन-फ्रेंच वळणाचं असूनही त्याच्यापुढे यू टिकतो: ऑनरेबल, फेव्हरेबल. फेव्हरिट, लेबरर, बिहेव्हिअरल हेही यूवाले. -इस्टच्या बाबतीत मात्र नियम सांगता येत नाही: ह्यूमरिस्टला यू नाही, कलरिस्टला आहे. ते पाठच करायला हवं.

तुमच्या कामाचं उदाहरण घेऊ. वाचनालयाच्या कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेवर हे तीन शब्द हटकून असतात. ‘मानद सचिव’मधल्या मानदसाठी ऑनररी, यू नाही. ‘माननीय मंत्री’मधल्या माननीयसाठी ऑनरेबल, यू आहे. ‘गेस्ट ऑफ ऑनर’मधल्या ऑनरला यू आहे. एकाच कार्डावर यू दोन ठिकाणी लिहायचा आणि एका ठिकाणी गाळायचा, अशी ही कसरत, म्हणून मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी एवढे शब्द बोट ठेवून तपासावेत. एच-ओ-एन आणि टिंब असा संक्षेप केला तर यूचा प्रश्न उरत नाही. पण तो संक्षेप मानद आणि माननीय या दोन्हींसाठी चालतो, त्यामुळे सचिवांच्या नावाआधी तो छापला तर वाचणाऱ्याला अर्थ कळेलच याची खात्री नाही. जागा असेल तर पूर्ण शब्द छापा.

प्रश्न : ब्रिटिश पद्धतीनं लिहिताना ‘पर्ल हार्बर’मध्ये यू घालायचा का?
– भाषांतरकार, ठाणे

उत्तर : नाही. ते ठिकाणाचं नाव आहे, आणि नाव त्याच्या मालकाचं असतं. ‘केनेडी स्पेस सेंटर’चा शेवट ई-आर, तुर्भ्याच्या ‘भाभा अॅटॉमिक रिसर्च सेंटर’चा आर-ई. दोन्ही एकाच लेखात आले तरी जसे आहेत तसेच ठेवायचे. ऑस्ट्रेलियात एरवी लेबरला यू घालतात, पण तिथल्या लेबर पक्षाच्या नावात 1912 पासून यू नाही. उलटं उदाहरणही आहे. अमेरिकेच्या ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाच्या नावात यू आहे, कारण ते कॅप्टन जेम्स कुक यांच्या ब्रिटिश जहाजावरून ठेवलं. 2007 मध्ये उड्डाणतळावर लावलेल्या शुभेच्छांच्या फलकावर खुद्द नासाकडूनच तो यू राहून गेला होता आणि फलक बदलावा लागला. अवतरणांचा आणि पुस्तकांच्या शीर्षकांचा नियमही हाच: मुळात असेल तसं.

प्रश्न : माझं फ्लेक्स आणि व्हिजिटिंग कार्डांचं काम आहे. ड्रायव्हिंग स्कूलवाले लायसन्स एकदा सीनं लिहून आणतात, एकदा एसनं. डॉक्टर-वकिलांच्या पाट्यांवर प्रॅक्टिसचंही तेच. नक्की काय छापू?
– मुद्रक, कोल्हापूर

उत्तर : घोळ आहे तो शेवटच्या ईच्या आधीच्या अक्षराचा. ब्रिटिश पद्धतीत नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस. हातात धरायचं कार्ड म्हणजे लायसन्स, ते सीनं. परवाना देणं ही क्रिया, ती एसनं. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात हे नेमकं पाहायला मिळतं: कलम 3 मध्ये ‘ड्रायव्हिंग लायसन्स’ सीनं आहे, आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यासाठीचं ‘लायसन्सिंग अथॉरिटी’ एसनं. तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर लर्निंग असो की पक्कं, लायसन्स सीनं छापा. ‘लायसन्स्ड डीलर’, ‘लायसन्सी’ हे शब्द क्रियापदापासून झालेले आहेत, ते एसनं. ‘लायसन्स्ड’ सीनं छापलेल्या पाट्या जागोजागी दिसतात. ते स्पेलिंग ब्रिटिशही नाही आणि अमेरिकीही नाही.

प्रॅक्टिसला हाच नियम. ‘डॉक्टरांची प्रायव्हेट प्रॅक्टिस’ नाम आहे, म्हणून सी. ‘प्रॅक्टिसिंग अॅडव्होकेट’ क्रियापदातून आलं आहे, म्हणून एस. ‘प्रॅक्टिशनर’मध्ये सीही नाही आणि एसही नाही, तिथे टी-आय-टी-आय-ओ-एन-ई-आर येतं.

अडचण अशी की लायसन्स आणि प्रॅक्टिस यांच्या नाम-क्रियापदांचा उच्चार एकच असल्यानं कानाची मदत होत नाही. म्हणून त्यांच्या जागी ‘अॅडव्हाइस’ आणि ‘अॅडव्हाइज’ ठेवून पाहा. सल्ला म्हणजे अॅडव्हाइस, सीनं. सल्ला देणं म्हणजे अॅडव्हाइज, एसनं. तुमच्या वाक्यात ‘स’ उच्चाराचा शब्द बसत असेल तर सी घ्या, ‘झ’ उच्चाराचा बसत असेल तर एस.

अमेरिकी पद्धत इथे दोन शब्दांना दोन टोकांना नेते. लायसन्स नाम असो वा क्रियापद, दोन्ही एसनं. प्रॅक्टिस मात्र दोन्ही सीनं. म्हणून ‘एस म्हणजे अमेरिकी’ असं सरसकट धरून चाललात तर प्रॅक्टिसला हमखास फसाल. डिफेन्स आणि ऑफेन्स हे ब्रिटिश पद्धतीत सीनं, अमेरिकी पद्धतीत एसनं. खडकवासल्याच्या ‘नॅशनल डिफेन्स अॅकॅडमी’त सी आहे. पण ‘डिफेन्सिव्ह’ आणि ‘ऑफेन्सिव्ह’ दोन्हीकडे एसनंच.

छापणाऱ्यासाठी एक सूचना. ग्राहकाच्या संस्थेच्या नावातच असा शब्द असेल तर व्हॉट्सअॅपवर आलेल्या मजकुरावर जाऊ नका. नोंदणीच्या दाखल्याचा फोटो मागवा आणि त्यावर जे स्पेलिंग आहे तेच घ्या.

प्रश्न : प्रबंधात मी ‘ऑर्गनायझेशन’ झेडनं लिहिलं. मार्गदर्शक म्हणतात झेड अमेरिकी, एस करा. पण ऑक्सफर्डच्या कोशात झेडच आहे.
– संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमचं निरीक्षण अचूक आहे. झेड अमेरिकी आहे, पण नुसतं अमेरिकी नाही. या शेपटाचं मूळ ग्रीक, तिथे झेडचाच उच्चार. फ्रेंचमध्ये त्याचं एस झालं. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं ग्रीक मूळ धरून झेड ठेवलं, केंब्रिजमध्ये एस चालतं. दोन्ही ब्रिटिशच. संयुक्त राष्ट्रसंघात ऑक्सफर्डची पद्धत आहे. ‘इंटरनॅशनल लेबर ऑर्गनायझेशन’ हे नाव लिहून पाहा: लेबरमध्ये यू आहे आणि ऑर्गनायझेशनमध्ये झेड. अमेरिकी पद्धत असती तर यू नसता. हे एक नाव मार्गदर्शकांना दाखवलंत तर मुद्दा लगेच पटेल. ‘वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन’लाही झेड आहे. आपल्या इस्रोच्या नावात मात्र एस.

तरीही प्रबंधात एस करावा असाच आमचा सल्ला. आपल्या विद्यापीठांत तेच रुळलेलं आहे, आणि एस घेण्यात एक मोठी सोय आहे. झेडची पद्धत घेतली तरी काही शब्द कायम एसनंच लिहावे लागतात, आणि ते अमेरिकेतही एसनंच लिहितात: अॅडव्हर्टाइज, अॅडव्हाइज, कॉम्प्रोमाइज, एक्सरसाइज, इम्प्रोव्हाइज, रिव्हाइज, सुपरव्हाइज, सरप्राइज, टेलिव्हाइज. यांच्यात ते ग्रीक शेपूट नाहीच. एस शब्दाच्या मूळ धातूतला आहे. ‘सुपरव्हाइज’ आणि ‘रिव्हाइज’मध्ये लॅटिनमधला ‘पाहणे’ हा धातू आहे, तोच ‘व्हिजन’मध्येही दिसतो. एस घेतलात तर ही यादी पाठ करायची गरज उरत नाही. फक्त साइज, कॅप्साइज, सीझ आणि बक्षिसाचा प्राइझ एवढे झेडवाले सांभाळायचे.

‘अॅनलाइज’ आणि ‘पॅरलाइज’ यांचं घराणं निराळं आहे. यात आयच्या जागी वाय असतो. ब्रिटिश पद्धतीत वाय-एस-ई, आणि ऑक्सफर्डही इथे झेड घेत नाही; झेड फक्त अमेरिकी. तुमच्या प्रबंधात ऑर्गनायझेशन झेडनं आणि अॅनलाइजही झेडनं असेल, तर ते ऑक्सफर्डचं म्हणता येणार नाही, ती सरमिसळ झाली.

प्रश्न : वर्डमध्ये 200 पानांच्या मजकुराचं अमेरिकी स्पेलिंग ब्रिटिश करायचं आहे. सगळं एकदम बदलता येईल का?
– मुद्रितशोधक, नाशिक

उत्तर : अर्ध्याहून अधिक काम सोपं होतं, पण एकदम बदलायला जाऊ नका.

आधी मूळ फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. मग कंट्रोल आणि ए दाबून सगळा मजकूर निवडा. रिव्ह्यू या टॅबमध्ये लँग्वेज, त्यात ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’ उघडा आणि ‘इंग्लिश, युनायटेड किंगडम’ निवडा. त्याच चौकटीत स्पेलिंग तपासू नये आणि भाषा आपोआप ओळखावी असे दोन पर्याय असतात, त्या दोन्ही खुणा काढा. हे केलं नाही तर दुसरीकडून आणून चिकटवलेले परिच्छेद आपली जुनी अमेरिकी भाषा धरून बसतात आणि त्यांच्याखाली लाल रेघ येतच नाही. तळटीपा, पानाच्या माथ्यावरचा आणि पायथ्याचा मजकूर, चौकटीतला मजकूर हे कंट्रोल-एनं निवडले जात नाहीत. तिथे वेगळं जाऊन तेच करायचं. तपासलेल्या प्रबंधांत उरलेली अमेरिकी स्पेलिंगं सापडतात ती बहुतेक तळटीपांत.

एवढं झालं की लाल रेघा दिसतील. आता ‘रिप्लेस ऑल’चा मोह होतो, आणि घात तिथेच होतो. कलरमध्ये यू घालायची आज्ञा दिली की कोलोरॅडो राज्याच्या नावातही यू घुसतो. सेंटरचं ई-आर उलटवलं की ‘सेंटर्ड’मध्ये आर-ई-ई-डी असं दोन ईंचं रूप तयार होतं, हवं असतं आर-ई-डी. सर्वांत वाईट म्हणजे आय-झेड-ईच्या जागी आय-एस-ई करणं. ‘साइज’ बिघडतो, ‘सीझ’ बिघडतो, आणि बक्षिसाच्या ‘प्राइझ’चा होतो पी-आर-आय-एस-ई. हा खरोखरचा इंग्रजी शब्द आहे, पहारीनं उचकटणे या अर्थाचा. म्हणून त्याच्याखाली लाल रेघही येत नाही आणि ‘नोबेल’ शब्दापुढे तो तसाच छापून जातो. तेव्हा एक शब्द घ्या, पूर्ण शब्दच शोधण्याची खूण करा आणि एकेक जागा पाहून बदला. संदर्भसूची आणि अवतरणं यांना हात लावायचा नाही.

ब्रिटिश सेटिंगमध्ये वर्ड आय-एस-ई आणि आय-झेड-ई दोन्ही चालवून घेतं. म्हणून एस-झेडची सरमिसळ यंत्राला दिसणार नाही. ती शोधायला आय-झेड ही जोडी शोधपेटीत घालून सापडेल ते डोळ्यांखालून घालणं, हाच उपाय.

प्रश्न : वेब पेज शिकतोय. सीएसएसमध्ये कलर शब्द यू घालून लिहिला तर अक्षरांना रंग येत नाही, पण चूकही दाखवत नाही. असं का?
– डिप्लोमाचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : सीएसएस म्हणजे वेब पानाचं रूप ठरवणारी भाषा. तिच्यातले शब्द अमेरिकी स्पेलिंगनं ठरलेले आहेत. पहिला मानक मसुदा 1996 चा, तेव्हापासून ‘कलर’ यूशिवायच. ब्राउझरला अनोळखी नाव दिसलं तर ती ओळ सोडून पुढे जायचं, असं या भाषेच्या नियमांतच आहे, म्हणजे नवी सोय जुन्या ब्राउझरमध्ये आली तरी पान कोसळत नाही. त्यामुळे तुमची यूवाली ओळ गुपचूप वगळली जाते. ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स उघडून तो घटक निवडा. वगळलेल्या ओळीवर काट मारलेली आणि शेजारी इशाऱ्याची खूण दिसेल.

याच कारणानं ‘सेंटर’ ई-आरनं लिहायचा आणि ‘स्क्रोल-बिहेव्हिअर’मध्ये यू घालायचा नाही. राखाडी रंगाला मात्र ई आणि ए दोन्ही चालतात. तुम्ही स्वतः ठेवलेली नावं कुठल्याही पद्धतीची चालतील, पण आमचं ऐका आणि प्रोग्रॅममध्ये तीही अमेरिकीच ठेवा. एक नाव यूचं आणि एक बिनयूचं झालं की दोष शोधण्यात तासन् तास जातात. पानावर वाचकांना दिसणारा मजकूर ब्रिटिश असायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : ‘ट्रॅव्हलर’ला एल किती? आणि आधारच्या कागदावर ‘एन्रोलमेंट’ला एकच एल कसा?
– प्रवासी व्यावसायिक, नागपूर

उत्तर : ब्रिटिश ट्रॅव्हलरला दोन, अमेरिकीला एक. अमेरिकी नियमात आघात पाहतात. ट्रॅव्हलमध्ये जोर ‘ट्रॅ’वर आहे, शेवटच्या भागावर नाही, म्हणून एल दुणावत नाही. ‘कंट्रोल’मध्ये जोर शेवटी, म्हणून ‘कंट्रोल्ड’ला दोन्हीकडे दोन एल. ब्रिटिश पद्धतीत एलच्या बाबतीत आघात पाहतच नाहीत: ट्रॅव्हल्ड, कॅन्सल्ड, काउन्सेलर सगळ्यांना दोन. ‘कॅन्सलेशन’ला दोन्हीकडे दोन, तेव्हा तिकीट रद्द करण्याच्या अटी छापताना निर्धास्त राहा.

‘एन्रोल’ आणि ‘फुलफिल’ यांच्यात गणित उलटं होतं. ब्रिटिशांकडे शेवटी एक एल, अमेरिकेत दोन. आधारच्या 2016 च्या विनियमांच्या नावातही ‘एन्रोलमेंट’ ब्रिटिश पद्धतीचं, एका एलचं आहे. ‘एन्रोल्ड’ला मात्र दोन्हीकडे दोन.

प्रश्न : चेक, मीटर, प्रोग्रॅम यांचं काय?
– बँक कर्मचारी, सोलापूर

उत्तर : बँकेचा चेक सी-एच-ई-क्यू-यू-ई, तपासणे या अर्थाचा सी-एच-ई-सी-के. अमेरिकेत दोन्हींना सी-के. क्यू आला तो सरकारी खजिन्यासाठीच्या ‘एक्सचेकर’ शब्दाच्या प्रभावानं. चेक न वटण्याबद्दलचं 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138 तुमच्या रोजच्या पाहण्यातलं. त्याच्या मथळ्यात क्यूवाला चेकही आहे आणि ‘डिसऑनर’मधला यूही.

मीटर देवनागरीत एकच दिसतो, म्हणून गफलत होते. कापड मोजायचा मीटर ब्रिटिश पद्धतीत आर-ई, विजेचा ई-आर, थर्मामीटरही ई-आर. अमेरिकेत सगळे ई-आर. पण ‘एकर’, ‘मॅसकर’, ‘मीडिओकर’ हे अमेरिकेतही आर-ईच राहिले, कारण तिथे ई-आर केलं तर सीचा उच्चार ‘क’ऐवजी ‘स’ होईल.

संगणकाचा प्रोग्रॅम दोन्हीकडे एका एमचा. कार्यक्रमासाठी ब्रिटिश पद्धतीत एम-एम-ई.

प्रश्न : रसायनशास्त्रात अॅल्युमिनियम आणि सल्फर यांची कोणती स्पेलिंगं मुलांना सांगावीत?
– शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : अमेरिकी ‘अल्युमिनम’मध्ये शेवटच्या यू-एमच्या आधीचा आय नाही, आणि हे रूप एका इंग्रजाचंच. हंफ्री डेव्ही यांनी 1808 मध्ये आधी ‘अल्युमियम’ सुचवलं, 1812 च्या ग्रंथात ‘अल्युमिनम’ लिहिलं. पोटॅशियम, सोडियम यांच्या ओळीत बसावं म्हणून ब्रिटनमध्ये आय घातला गेला. अमेरिकन केमिकल सोसायटीनं 1925 मध्ये आयशिवायचं रूप घेतलं.

शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघानं, म्हणजे आययूपॅकनं, 1990 मध्ये आयवालं ‘अॅल्युमिनियम’ मान्य केलं. 1993 मध्ये अमेरिकी रूपही पर्याय म्हणून स्वीकारलं. सल्फरच्या बाबतीत मात्र त्यांनी अमेरिकी पारडं उचललं: पी-एच नाही, एफ. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं 1992 मध्ये एफच स्वीकारला. त्यामुळे आज लंडनचा रसायनशास्त्रज्ञ अॅल्युमिनियमला आय ठेवतो आणि सल्फर एफनं लिहितो. मुलांना बोर्डाच्या पाठ्यपुस्तकात असेल तेच स्पेलिंग लिहायला सांगा. सल्फेट, सल्फाइड, सल्फ्युरिक यांतही तेच अक्षर ठेवायला लावा. एका उत्तरात सल्फर पी-एचनं आणि सल्फ्युरिक एफनं, असं होऊ देऊ नका. पुढे शोधनिबंध लिहायची वेळ आली की एफ.